रस्त्यावरची रेघ आणि कांचेचे मणी

जी वस्तु रोज डोळ्यांपुढें असते तिच्याविषयीं विचार करण्याची तसदी मनुष्य सहसा घेत नाहीं. डांबरी रस्त्याच्या मध्यावर व कडांना ओढलेली पांढरी किंवा पिवळी रेघ ही अशीच एक वस्तु आहे. दिवसां ती साधी रंगाची पट्टी दिसते. परंतु काळोख्या रात्रीं हातखंब्याहून पालीकडे जातांना, किंवा चिपळुणाजवळचा परशुराम घाट उतरतांना, मोटारीचे दिवे तिच्यावर पडले म्हणजे ती एकदम उजळून उठते. आणि मोटार पुढें गेली कीं पुन्हा काळोखांत बुडून जाते. ह्या रेघेला ना तेल, ना वात, ना वीज. मग हा उजेड येतो कोठून? आणि ज्या रात्रीं त्याची सर्वांत अधिक गरज असते, त्या मुसळधार पावसाच्या रात्रीं तो नाहींसा कां होतो? ह्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर खसखशीच्या दाण्याहूनहि बारीक अशा कांचेच्या मण्यांत आहे. तें समजून घेणें हें केवळ जिज्ञासेचें काम नव्हे. रात्रीं प्रवास करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या जिवाशीं त्याचा संबंध आहे.

प्रकाश परत फिरविण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा आरशाची. आरशावर तिरपा पडलेला किरण तितकाच तिरपा होऊन दुसऱ्या बाजूस निघून जातो. दुसरी तऱ्हा चुन्यानें पांढऱ्या केलेल्या भिंतीची. तिच्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. म्हणून भिंत कोठूनहि दिसते, पण कोणा एकाच्या वांट्यास त्यांतला फारच थोडा अंश येतो. वळणावरच्या दगडांना चुना फांसण्याची व कडेच्या झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढण्याची जी रीत आहे, तिचा उपयोग ह्या दुसऱ्या तऱ्हेचा होय. नुसत्या रंगानें ओढलेली रेघहि अशीच वागते. त्यांत मोटारीचा दिवा जमिनीपासून जेमतेम दीड हात उंच. तीस मीटर पुढच्या रेघेवर त्याचा किरण अगदीं निसटता पडतो, आणि त्यांतला बहुतेक प्रकाश पुढेंच निघून जातो. म्हणून अशी रेघ दिवसां ठसठशीत असूनहि रात्रीं फिक्कट पडते. तिसरी तऱ्हा ह्या दोहोंहून निराळी. किरण ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें त्याला माघारीं धाडावयाचें, ही ती तऱ्हा. इंग्रजी ग्रंथांत हिला रेट्रो-रिफ्लेक्शन असें नांव आहे. आपण तिला ‘उलटपावलीं परावर्तन’ म्हणूं. कांचेचा गोल मणी हें काम करतो.

तें कसें, हें आतां पाहूं. हवेंतून कांचेंत शिरतांना प्रकाशकिरण वांकतो. ह्याला वक्रीभवन म्हणतात, आणि तो किती वांकतो हें सांगणाऱ्या अंकाला वक्रीभवनांक म्हणतात. पाण्याचा हा अंक सुमारें १.३३ आणि खिडकीच्या साध्या कांचेचा सुमारें १.५ आहे. मण्याचा पुढचा गोल भाग भिंगाप्रमाणें किरणांना मागच्या बाजूकडे एकवटतो. मण्याची ती मागची बाजू पांढऱ्या लेपांत रुतलेली असते. तेथें पोंचलेला प्रकाश लेपाच्या पांढऱ्या कणांवर आपटून मागें फिरतो, आणि बाहेर पडतांना पुढचा भाग त्याला पुन्हा वांकवून आल्या दिशेस वळवितो. म्हणजे हें एकट्या मण्याचें काम नव्हे. लेप प्रकाश परत देतो आणि मणी त्याला वाट दाखवितो. पिवळ्या लेपांत बसलेला मणी पिवळा उजेड परत पाठवितो, तो ह्याच कारणानें.

गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वक्रीभवनांक बरोबर २ असता, तर मध्यभागाजवळून शिरणारे किरण नेमके मण्याच्या पाठीवर एकवटले असते. १.५ अंकाच्या कांचेंत ते पाठीच्या मागें, त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर, एकवटतात. त्यामुळें परत जाणारा झोत थोडा पसरट होतो. हें वैगुण्य खरें, पण थोडा पसरटपणा येथें हवाच असतो. मोटारीचा दिवा आणि चालकाचा डोळा एका जागीं नसतात. डोळा दिव्याच्या हातभर वर असतो. तीस मीटरांवरील रेघेपासून पाहिलें तर ह्या दोहोंमध्यें सुमारें एका अंशाचा कोन पडतो. झोत अगदींच सरळ रेषेंत परत गेला असता तर तो दिव्यांतच शिरला असता आणि डोळ्याला कांहींच मिळालें नसतें. विमानतळांवरील रेघांसाठीं मात्र १.९ च्या आसपास अंक असलेले, अधिक प्रखर मणीहि वापरतात.

ही युक्ति निसर्गांत फार पूर्वींपासून आहे. पाऊस ओसरल्यावर, आश्विनांतल्या स्वच्छ सकाळीं, ऊन कोंवळें असतांना भातशेताच्या बांधावर सूर्याकडे पाठ करून उभे राहा. दंवानें भिजलेल्या पात्यांवर आपल्या डोक्याची जी सावली पडते तिच्याभोंवतीं एक तेजाळ कडें दिसेल. जोडीदाराच्या डोक्याभोंवतीं तें दिसणार नाहीं. आणि त्याला विचारलें तर तो उलट सांगेल कीं कडें माझ्या डोक्याभोंवतीं आहे, तुमच्या नव्हे. दंवाचा प्रत्येक थेंब सूर्याचा प्रकाश पात्यावर एकवटून सूर्याच्याच दिशेस परत धाडतो. त्या वाटेवर ज्याचा डोळा असेल त्यालाच तो दिसतो. सोळाव्या शतकांतील प्रसिद्ध इटालियन सोनार व शिल्पकार बेनवेनुतो चेलिनी ह्यानें आपल्या मस्तकाभोंवतींच्या अशा तेजाचा उल्लेख आत्मचरित्रांत केला आहे, आणि तें आपणांवर झालेल्या विशेष कृपेचें चिन्ह आहे असें त्याला वाटे. बिचाऱ्यानें शेजाऱ्याला विचारलें असतें तर बरें झालें असतें! मांजराचे किंवा गुरांचे डोळे रात्रीं दिव्यासमोर चकाकतात, त्याचेंहि मर्म हेंच. तेथें डोळ्याचें भिंग हें मणी आणि त्यामागचा चकचकीत पडदा हा लेप.

आतां हे मणी तयार कसे होतात तें पाहूं. कांच म्हणजे मुख्यतः वाळू, सोडा आणि चुना. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग १ मे १९८१ रोजीं निराळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्यांतील कासार्डें परिसरांत कांचेस लागणारी सिलिका वाळू निघते. महाराष्ट्राला ह्या धंद्याची ओळखहि जुनी आहे. लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा कांचकारखाना १९०८ मध्यें तळेगांव येथें निघाला; रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचा त्या चळवळीस पाठिंबा होता. पुढें कऱ्हाडजवळील ओगलेवाडीच्या कारखान्यांतून निघालेला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाला. कंदिलाची कांच आपल्या पोटांतली ज्योत वाऱ्यापासून राखते. रस्त्यावरचा मणी दुसऱ्याचा उजेड त्याला परत करतो. रात्रीच्या वाटसरूची कांचेनें चालविलेली ही दोन प्रकारची सेवा होय.

मण्यांसाठीं बहुधा खिडक्यांच्या टाकाऊ कांचेचा चुरा वापरतात. तो दळून, चाळून, उभ्या भट्टींतील ज्वाळांच्या झोतांत सोडतात. उष्णतेनें कांचेचा अणकुचीदार कण मऊ होतो आणि हवेंत तरंगत असतांनाच आपोआप गोल बनतो. त्याला सांचा लागत नाहीं कीं घडविणारा हात लागत नाहीं. अळवावरचें पाणी ज्या पृष्ठताणामुळें मोत्यासारखें गोल होतें, तोच पृष्ठताण येथें कारागीर असतो. मणी निवाल्यावर ते आकाराप्रमाणें चाळून निवडतात. ज्यांत बुडबुडे राहिले, जे लांबट झाले किंवा एकमेकांस चिकटले, ते किरणाला भलतीकडेच वळवितात. म्हणून मण्यांची गोलाई, स्वच्छता व आकार ह्यांची परीक्षा करावी लागते.

मोठ्या रस्त्यांवर रेघेसाठीं थर्मोप्लॅस्टिक नांवाचा, तापविल्यावर पातळ होणारा लेप वापरतात. राळ, पांढरें रंगद्रव्य, दगडाची पूड व कांहीं मणी ह्यांचें हें मिश्रण सुमारें १८० ते २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून रस्त्यावर सुमारें अडीच मिलिमीटर जाडीनें पसरतात, आणि तें निवण्यापूर्वींच पाठोपाठ वरून आणखी मणी शिंपडतात. भारत सरकारच्या रस्ते-मंत्रालयाच्या नियमांत शिंपडण्याचें प्रमाण दर चौरस मीटरला २५० ग्रॅम असें दिलें आहे. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे मणी धरले तर एका ग्रॅमांत सुमारें ६,००० मणी भरतात, आणि एका चौरस मीटरावर सुमारें १५ लाख. १५ सेंटिमीटर रुंदीची अखंड रेघ एक किलोमीटर ओढली तर १५० चौरस मीटर जागा व्यापते; म्हणजे तिच्यावर साडेसदतीस किलो वजनाचे सुमारें २३ कोटी मणी बसतात! पैसा-पैसा जमवून कारखाना उभा राहिला, तसा मणी-मणी मिळून हा उजेड उभा राहतो.

मात्र प्रत्येक मणी आपल्या जागीं नीट बसला पाहिजे. तो निम्मा किंवा निम्म्याहून थोडा अधिक लेपांत रुतलेला असावा. पुरता बुडाला तर त्यांत प्रकाश शिरत नाहीं. वरचे वर राहिला तर थोड्याच दिवसांत चाकांखालीं निखळून जातो. लेप फार पातळ असेल तर मणी बुडतात. तो निवल्यावर पडले तर धरत नाहींत. लेपाच्या पोटांत आधींच मिसळलेले मणी ठेव म्हणून असतात. रहदारीनें वरचा थर झिजला म्हणजे ते हळूहळू उघडे पडून कामास लागतात. ओल्या किंवा धुळीच्या रस्त्यावर लेप चिकटत नाहीं. म्हणून रेघा ओढण्याचें काम उघाडीच्या दिवसांतच करावें लागतें. आमच्याकडे जांभ्याचे चिरे व माती वाहणाऱ्या गाड्यांची तांबडी धूळ रेघेवर बसते. मणी शाबूत असूनहि अशा धुळीखालीं ते आंधळे होतात.

रस्त्यावर रेघ ओढण्याची कल्पना फार प्राचीन नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत एडवर्ड हाइन्स ह्यांनीं १९११ मध्यें रस्त्याच्या मध्यावर पांढरी रेघ ओढविली. इंग्लंडांतील यॉर्कशायरच्या पर्सी शॉ ह्यांनीं १९३४ मध्यें ‘मार्जारनेत्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कांचखुंटीचें पेटंट घेतलें. रबराच्या बैठकींत बसविलेली ही खुंटी चाक वरून गेलें कीं खालीं दबते आणि तिची कांच आपोआप पुसली जाते. आपल्या देशांत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ मध्यें रस्तेसुधारणेचा विचार करण्यासाठीं समिति नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींचें फळ म्हणून १९३४ च्या डिसेंबरांत इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. ह्या संस्थेनें रस्त्यावरील रेघांचे नियम १९७० मध्यें प्रसिद्ध केले व १९९७ आणि २०१५ मध्यें ते सुधारले. अखंड रेघ ओलांडूं नये, आणि तुटक रेघ पुढचा रस्ता मोकळा दिसेल तरच ओलांडावी, ही त्या लिपीची बाराखडी होय. आमच्या मुंबई-गोवा रस्त्याचा पूर्वींचा १७ हा क्रमांक २०१० च्या नव्या मांडणींत बदलून ६६ झाला; त्यावरील कशेडी, भोस्तें व परशुराम ह्या घाटांत ही लिपि वाचतां न येणें किती महाग पडेल, हें सांगणें नको.

येथपर्यंत मण्याचे गुण सांगितले. आतां त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. मण्याचें सर्व कौशल्य हवा आणि कांच ह्यांच्या वक्रीभवनांकांतील फरकावर अवलंबून आहे. मण्यावर पाण्याचा थर चढला कीं प्रकाश कांचेंत शिरतो तो हवेंतून नव्हे, तर पाण्यांतून. १ व १.५ ह्यांत जेवढें अंतर आहे तेवढें १.३३ व १.५ ह्यांत नाहीं. म्हणून किरण पुरेसा वांकत नाहीं. हवेंत जो मणी किरणांना आपल्या मध्यापासून दीड त्रिज्येवर एकवटतो, तोच पाण्याखालीं त्यांना चार त्रिज्यांहूनहि दूर एकवटूं पाहतो. तेथें ना लेप, ना पडदा. प्रकाश आपला सांडून जातो. शिवाय पाण्याचा सपाट थर आरशासारखा वागून आपल्या दिव्यांचा उजेड पुढें फेंकून देतो, आणि समोरून येणाऱ्या मोटारीचा उजेड मात्र आपल्या डोळ्यांत आणून सोडतो. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत. म्हणजे जेथें रेघेची गरज मोठी, तेथेंच तिचा शत्रूहि मोठा.

ह्यावर उपाय नाहींत असें नाहीं. मोठ्या आकाराचे मणी वापरले तर त्यांचे माथे पाण्याच्या पातळ थरावर राहूं शकतात. लेप सपाट न पसरतां उंचवट्यांनीं किंवा आडव्या कण्यांनीं बसविला तर पाणी सखल भागांत उतरतें आणि उंचवट्यांवरचे मणी उघडे राहतात. ओल्यांतहि काम देणारे, २.४ च्या आसपास वक्रीभवनांकाचे विशेष मणी बनवितां येतात. रेघेच्या जोडीस रस्त्याच्या पृष्ठभागाहून उंच अशा चकाकणाऱ्या खुंट्या बसविणें हा तर सर्वांत परिचित उपाय. परंतु कोणताहि उपाय कायमचा नसतो. रेघ झिजते, खुंटी उखडते, आणि पुन्हा नवीन करावी लागते.

म्हणून वाहन चालविणाऱ्यानें रेघेवर विसंबावें, पण किती विसंबावें तें जाणून. गणेशचतुर्थी भाद्रपदांत येते. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी हजारोंच्या संख्येनें रात्रभर प्रवास करून गांवीं येतात. आणि त्यांतल्या कितीएक रात्री पावसाच्या असतात. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. धोका डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद गेले, तर तेवढ्यांत ती ३३ मीटर पुढें गेलेली असते, आणि खरें थांबणें त्यानंतर सुरू होतें. कोरड्या रात्रीं रेघ दूरवरचें वळण आधीं सांगते. ओल्या रात्रीं ती पंचवीस-तीस मीटरांपलीकडे दिसत नसेल, तर आपण न दिसणाऱ्या रस्त्यावर धांवत आहों असें समजावें. घरीं वाट पाहणाऱ्या आईस अर्धा तास उशीर चालतो. दिव्यांच्या व समोरच्या कांचेवरचा चिखल पुसणें, आणि रेघ दिसेनाशी होतांच वेग कमी करणें, ह्या दोन गोष्टींना एक पैहि खर्च नाहीं.

दुसरी गोष्ट पायीं चालणाऱ्यांची. मणी उजेड परत करतो तो ज्याचा त्याला; रस्त्याच्या कडेनें चालणाऱ्याला मोटारीच्या दिव्यांत रेघ तितकी चमकलेली दिसत नाहीं, आणि उजळलेली रेघ चालकाला कडेचा मनुष्य दाखवीत नाहीं. ‘मला मोटार लांबून दिसते, म्हणून मोटारवाल्यासहि मी दिसतों’ हा समज फार घातक आहे. काळे किंवा गडद कपडे घातलेला मनुष्य थोडासाच प्रकाश परत करतो, आणि तोहि चोहोंकडे विखुरतो. शिमग्यांत पालखीबरोबर रात्रीं निघणारीं माणसें, पहांटे शिकवणीस जाणारीं मुलें, गुरें घेऊन परतणारे शेतकरी ह्या सर्वांनीं हें ध्यानांत ठेवावें. सूचनाफलकांवर, सायकलींच्या मागें व दप्तरांवर जी चकाकणारी पट्टी लावतात, तिच्यांत तसेच सूक्ष्म मणी किंवा कांचेचें काम करणारे बारीक कोपरे बसविलेले असतात. अशी वीतभर पट्टी दप्तरास किंवा छत्रीस लावली तर ती आपल्या वतीनें चालकाला ‘मी येथें आहें’ असें सांगते. पदपथ नसेल तेथें रस्त्याच्या उजव्या कडेनें, समोरून येणारें वाहन दिसेल असें चालावें.

विद्यार्थ्यांना हें सर्व पडताळून पाहतां येईल. त्यासाठीं रहदारीच्या रस्त्यावर जाऊं नये. शाळेचें पटांगण किंवा घराचें अंगण पुरे. अंधारांत दहा-पंधरा पावलांवर चकाकणारी पट्टी ठेवा. विजेची बत्ती गालाजवळ, डोळ्याच्या लगत धरून पट्टीकडे पाहा. ती लख्ख दिसेल. आतां बत्ती पट्टीवरच रोखून तुमच्या मित्राच्या हातीं द्या आणि त्याला दहा पावलें बाजूस उभा करा. पट्टीवर उजेड पडलेला असूनहि तुम्हांस ती मंद दिसेल, आणि मित्राला मात्र झगझगीत. दुसरा प्रयोग गोटीचा. रंगहीन, आरपार दिसणारी कांचेची गोटी उन्हांत कागदावर धरा. तिच्यामागें प्रकाशाचा एक लखलखीत ठिपका पडेल. तो फार वेळ ठेवूं नका, कागद करपेल. मग तीच गोटी पाण्यानें भरलेल्या कांचेच्या पेल्यांत सोडून तिच्याजवळ तसा ठिपका शोधा. तो मिळणार नाहीं. पावसांत रेघ कां विझते, ह्याचा पुरावा तुमच्या हातीं आला!

असो. मण्याजवळ स्वतःचा उजेड नाहीं. जो त्याच्याकडे दिवा घेऊन येतो त्यालाच तो वाट दाखवितो, आणि पाण्याखालीं तेंहि त्याला जमत नाहीं. म्हणून ज्यांनीं रेघा ओढावयाच्या त्यांनीं त्या वेळोवेळीं नीट कराव्या, ज्यांनीं वाहन हांकावयाचें त्यांनीं रेघ दिसेल तितकाच वेग ठेवावा, आणि ज्यांनीं पायीं चालावयाचें त्यांनीं आपण दिसूं अशी तजवीज करावी. पुढच्या वेळीं रात्रीच्या प्रवासांत ती पांढरी रेघ पुढें पुढें उजळत जातांना दिसेल, तेव्हां वाचकांना ह्या गोष्टींची आठवण झाली आणि पाऊस सुरू होतांच कोणी मुलानें आपल्या वडिलांना ‘बाबा, आतां जरा हळू’ असें म्हटलें, तर ह्या लेखाचा हेतु सफल झाला असें समजूं.